वुडच्या खलित्यामागचा जमीनदार : सर चार्ल्स वुड (१८००–१८८५)

पायवाट (धागालेखक)

माझ्या आईच्या बी.एड.च्या वहीत एका पानाला ‘वुडचा खलिता’ (हिंदुस्थानातील शिक्षणाविषयी लंडनहून आलेले आदेशपत्र) असे शीर्षक आहे. त्याखाली १९ जुलै १८५४ ही तारीख, शंभर परिच्छेद, प्रत्येक प्रांतात शिक्षण खाते, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे, खाजगी शाळांना अनुदान, अध्यापकांचे प्रशिक्षण, स्त्रीशिक्षणाला उत्तेजन अशी टिपणे आहेत. पुढे मीही स्पर्धा परीक्षेसाठी हेच पाठ केले. मात्र हा वुड कोण होता, कोठला होता, त्याची उपजीविका कशावर चालत होती, हे त्या वहीत नव्हते आणि माझ्या पुस्तकातही नव्हते. गेली काही वर्षे मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. माझे मत असे झाले आहे की, यॉर्कशरमधला जमीनदार वुड ओळखल्याशिवाय भारतमंत्री (ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारताचा कारभार पाहणारा मंत्री) वुड नीट कळत नाही. येथील जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेन तेथे दुरुस्ती करावी, म्हणून हा धागा काढत आहे.

चार्ल्स वुडचा जन्म २० डिसेंबर १८०० रोजी यॉर्कशरमधील पाँटिफ्रॅक्ट येथे झाला. वडील सर फ्रान्सिस लिंडली वुड हे बॅरोनेट होते. बॅरोनेट हा किताब वंशपरंपरेने चालतो, पण त्यामुळे उमरावांच्या सभागृहात जागा मिळत नाही, त्यामुळे अशा घरातील कर्त्या मुलाला राजकारण करायचे तर सामान्यांच्या सभागृहात निवडून यावे लागे. इंग्लंडमध्ये थोरल्या मुलाकडे अख्खी मालमत्ता जाई आणि धाकटी भावंडे सैन्य, चर्च, वकिली किंवा वसाहतींतील नोकऱ्या धरत. आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडतात, तसे तेथे झाले नाही. वुड हा थोरला मुलगा होता आणि १८४६च्या शेवटच्या दिवशी वडील वारल्यावर किताब व मालमत्ता त्याच्याकडे आली. डॉनकॅस्टरजवळचे हिकल्टन हे या घराण्याचे मुख्य ठिकाण होते.

त्याचे शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डमधील ओरिएल कॉलेजात झाले. १८२१मध्ये त्याने अभिजात भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत प्रथम वर्ग मिळवला. पुढे अनेक वर्षे मंत्रिमंडळात त्याच्यासोबत असलेला सर जॉर्ज ग्रे हा ओरिएलमधला त्याचा सोबती होता. १८२६मध्ये ग्रेट ग्रिम्झबीहून तो संसदेत आला. त्या काळी खासदारांना पगार नव्हता, तो १९११मध्ये सुरू झाला. शिवाय १७१० पासून १८५८ पर्यंत असा कायदा होता की, शहरी मतदारसंघातून उभे राहणाऱ्याचे जमिनीचे (१८३८ पासून इतर मालमत्तेचेही चाले) वार्षिक उत्पन्न ३०० पौंड आणि काउंटीतून उभे राहणाऱ्याचे ६०० पौंड असले पाहिजे. जमीन नसलेल्याला संसदेचा दरवाजा बंद राहावा यासाठीच तो केलेला होता, आणि वुडची पूर्ण कारकीर्द समजून घेताना ही चौकट विसरता येत नाही.

१८२९मध्ये त्याने व्हिग या सुधारणावादी पक्षाचा नेता अर्ल ग्रे याची मुलगी मेरी हिच्याशी लग्न केले. पुढच्याच वर्षी ग्रे पंतप्रधान झाला आणि जावई त्याचा खाजगी सचिव झाला. १८३१च्या मार्चमध्ये मतदानसुधारणेच्या विधेयकाचे दुसरे वाचन ३०२ विरुद्ध ३०१ अशा एका मताने मंजूर झाले, तेव्हा तो या घडामोडींच्या अगदी आत होता. विधेयकाचा कायदा झाल्यावर हॅलिफॅक्स या लोकरीच्या गिरण्यांच्या गावाला दोन जागा मिळाल्या. वुड १८३२ पासून १८६५ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, तेथून निवडून येत राहिला. जमीनदाराचा मुलगा आणि गिरणगावचा खासदार अशा दुहेरी भूमिकेमुळे त्याला शेतकरी-जमीनदारांचे आणि कारखानदारांचे हितसंबंध एकाच वेळी जवळून पाहता आले. १८४७मध्ये अर्नेस्ट जोन्स हा चार्टिस्ट (मजुरांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीचा) पुढारी त्याच्याविरुद्ध हॅलिफॅक्समध्ये उभा राहिला आणि पडला. मजुरांचा तो नेता होता, पण त्या मजुरांपैकी बहुतेकांना मतच नव्हते.

त्याची पदे थोडक्यात सांगतो. १८३५ ते १८३९ तो आरमार खात्याचा सचिव होता आणि १८४६ ते १८५२ अर्थमंत्री होता. १८५२ ते १८५५ ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. तेथून १८५५ ते १८५८ तो आरमारमंत्री झाला आणि १८५९ ते १८६६ भारतमंत्री. १८६६मध्ये तो व्हायकाउंट हॅलिफॅक्स होऊन उमरावांच्या सभागृहात गेला आणि १८७० ते १८७४ ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळात पुन्हा बसला. ८ ऑगस्ट १८८५ रोजी हिकल्टन येथे त्याचा मृत्यू झाला.

माझा मुद्दा असा आहे. चांगला जमीनदार कुळाला बांध घालायला, विहीर पाडायला थोडी मदत करतो, पण अख्खा खर्च उचलत नाही, कारण तसे केले तर कूळ आळशी होईल अशी त्याची खात्री असते. वुडची सर्व धोरणे मला याच सवयीतून निघालेली दिसतात. खलित्यातील अनुदानपद्धती हे त्याचे सर्वांत चांगले रूप आहे. गावातील लोकांनी, संस्थांनी किंवा मिशनऱ्यांनी शाळा काढावी, थोडी तरी फी घ्यावी, तपासणीला तयार राहावे, मग सरकार उरलेल्या खर्चाला हात लावील, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्रात ‘अनुदानित शाळा’ हे शब्द आजही रोज ऐकू येतात, आणि त्या कल्पनेचे मूळ या खलित्यात आहे.

जुनेपान

धागा मनापासून आवडला, पण एक मोठी गोष्ट एका वाक्यात ओलांडली गेली आहे. १८४६ ते १८५२ तो अर्थमंत्री होता, एवढेच तुम्ही लिहिले आहे. ही आयर्लंडमधील महादुष्काळाची वर्षे आहेत.

बटाट्यावर रोग १८४५मध्ये पडला. १८४६च्या जुलैमध्ये लॉर्ड जॉन रसेलचे व्हिग सरकार आले आणि तिजोरीच्या किल्ल्या वुडच्या हाती आल्या. कोशागाराचा कायमचा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन होता, आणि मदत शक्य तितकी कमी व शक्य तितकी तात्पुरती असावी, याबद्दल या दोघांचे पूर्ण एकमत होते. त्या हिवाळ्यात लोकांना रस्ते बांधण्याच्या कामावर लावले गेले. १८४७च्या मार्चमध्ये अशा कामांवर सात लाखांहून अधिक माणसे होती. ती उपाशी होती, थंडीत खडी फोडत होती आणि मजुरीत धान्य परवडत नव्हते. त्यानंतर काही महिने सरकारी सूपगृहे चालली, आणि १८४७च्या जुलैमध्ये तेथून रोज तीस लाख लोकांना जेवण मिळाले. म्हणजे सरकारला ते करता येत होते. तरीही त्याच वर्षी ती सूपगृहे बंद करून सर्व भार आयर्लंडमधील स्थानिक दारिद्र्यकरावर टाकण्यात आला. पाव एकरापेक्षा अधिक जमीन धरणाऱ्याला मदत मिळणार नाही, असे कलमही त्या कायद्यात घालण्यात आले. पोटासाठी जमीन सोडावी लागली आणि जमीन सोडली की घर मोडले गेले.

१८४१मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१मध्ये ती सुमारे ६५.५ लाख झाली. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. बटाट्याचा रोग वुडने आणला नव्हता हे खरेच, पण पैसा कधी थांबवायचा याचा निर्णय त्याच्या खात्याचा होता. ‘चांगला जमीनदार थोडी मदत करतो’ हे तुमचे वाक्य वाचताना ही माणसे डोळ्यांसमोर येतात.

पायवाट (धागालेखक)

जुनेपान, तुमचा आक्षेप पूर्ण मान्य आहे. हा भाग मी वेगळा लिहिणार होतो, पण तो पहिल्याच मजकुरात यायला हवा होता.

मला असे वाटते की आयर्लंडमध्ये त्याच सवयीचे सर्वांत भयंकर रूप दिसते. आयर्लंडच्या दारिद्र्याचा भार आयर्लंडच्या मालमत्तेने वाहावा, ही त्या वेळची लोकप्रिय घोषणा होती. आपल्या यॉर्कशरमधील गावात भाडेपट्ट्यावर दिलेली घरे दुरुस्त करणाऱ्या, गरिबांसाठी स्थानिक कर भरणाऱ्या वुडला ती पूर्ण न्याय्य वाटली. आयरिश जमीनदार कर्जात बुडालेले होते, कित्येक आपल्या जमिनीवर राहतही नव्हते आणि कुळांकडून खंड येणे थांबले होते. हे त्याला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. त्याला वाटत होते की या धक्क्यातून आयर्लंडची शेतीची रचना सुधारेल. उपाशी माणसाकडे तेवढी वर्षे थांबायला वेळ नसतो, हा विचार त्याच्या हिशेबात आला नाही. याबद्दल त्याला क्षमा करावी असे मला वाटत नाही.

इंग्रज मतदारही त्याच्या पाठीशी होते, किंबहुना त्याच्याहून कठोर होते. १८४८मध्ये सरकारने आयकर पौंडामागे सात पेन्सवरून एक शिलिंग करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा इतका गदारोळ झाला की तो काही दिवसांत मागे घ्यावा लागला. अर्थमंत्री म्हणून वुडची प्रतिष्ठा त्यातून पूर्णपणे सावरली नाही. १८५१मध्ये त्याने खिडक्यांवरचा कर रद्द केला. १६९६ पासून चालत आलेल्या त्या करामुळे लोक खिडक्या विटांनी बुजवून घेत आणि अंधारात राहत. त्याच्या अर्थमंत्रिपदातील मनाला बरे वाटावे असे काम मला हेच एक दिसते.

उंबरठा

एक शंका आहे. १९३१मध्ये गांधीजींशी करार करणारे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचेही आडनाव वुड होते आणि ते पुढे लॉर्ड हॅलिफॅक्स झाले. यांचा काही संबंध आहे का?

पायवाट (धागालेखक)

होय, एडवर्ड वुड म्हणजे आयर्विन हा याचा सख्खा नातू होता. १८८१मध्ये त्याचा जन्म झाला, म्हणजे आजोबा वारले तेव्हा तो चार वर्षांचा होता. मधल्या पिढीतील चार्ल्स लिंडली वुड हा राजकारणात शिरला नाही. इंग्लंडच्या चर्चमधील कॅथलिक वळणाच्या चळवळीचे नेतृत्व त्याने आयुष्यभर केले आणि १९३४पर्यंत जगला. आजोबा भारतमंत्री आणि नातू व्हाइसरॉय, आणि दोघांचेही घर यॉर्कशरमधील त्याच जमिनीवर, यावरून इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांचा राज्यकारभारावरचा पगडा किती दीर्घ होता हे कळते.

पाटीपेन्सिल

मी निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे खलित्याबद्दल थोडे लिहिते.

पहिली गोष्ट अशी की, खलित्यावर वुडचे नाव असले तरी तो एकट्याच्या डोक्यातून निघालेला नाही. १८५३मध्ये कंपनीच्या सनदेचा विचार करण्यासाठी बसलेल्या संसदीय समितीपुढे अलेक्झांडर डफ, मार्शमन इत्यादी मिशनरी मंडळींच्या साक्षी झाल्या होत्या, आणि त्यांतील कल्पना खलित्यात उतरल्या. वुडचा खाजगी सचिव थॉमस बेअरिंग हाही त्या काळी त्याच्या हाताखाली काम करत होता. हाच पुढे लॉर्ड नॉर्थब्रुक नावाने व्हाइसरॉय झाला आणि बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना त्याच्याच कारकिर्दीत पदच्युत करण्यात आले. इकडे मुंबईत २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली होती. जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी ही मंडळी त्यात होती, आणि त्यांनीही संसदेकडे अर्ज पाठवला होता. ३ जून १८५३ रोजी वुडने सनदेचे विधेयक मांडताना सुमारे पाच तास भाषण केले.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वरच्या वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे धोरण खलित्याने सोडले. सामान्य जनतेपर्यंत उपयुक्त शिक्षण पोहोचवावे आणि ते देशी भाषांतून द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात पैसा मात्र वरच्या शिक्षणाकडेच अधिक वळला. १८८२मध्ये खलित्याची अंमलबजावणी कितपत झाली हे तपासण्यासाठी हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपल्या निवेदनात नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. सरकारचा बराचसा महसूल घाम गाळणाऱ्या रयतेकडून येतो आणि त्यातून शिक्षण मात्र वरच्या वर्गांचे होते, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. हे लिहिणारा माणूस खलिता निघण्याच्या सहा वर्षे आधी, १८४८मध्ये, सावित्रीबाईंसह पुण्यात मुलींची शाळा काढून बसला होता. स्त्रीशिक्षणाची सुरुवात वुडने केली, असे काही मार्गदर्शकांत छापलेले असते, ते कृपया कोणी लिहू नये.

अनुदानपद्धतीबद्दल धागालेखकांशी मी अर्धी सहमत आहे. ज्या गावात चार पैसे जमवणारे कोणीतरी होते तेथे ती फळली. ज्या वस्तीत फी द्यायला पैसाच नव्हता, तेथे ‘तुम्ही अर्धे आणा, आम्ही अर्धे देतो’ याचा अर्थ शाळा नाही असाच झाला. आयर्लंडचा वरचा प्रतिसाद वाचल्यावर हे साम्य मला प्रथमच दिसले.

विद्यापीठाचे फळ मात्र लवकर आले. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी, उत्तरेत बंड पेटलेले असताना, स्थापन झाले. १८६२मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते.

कोरडवाहू

जमिनीचा विषय निघाला आहे आणि वुडचा सर्वांत जमीनदारी निर्णय अजून कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहितो.

९ जुलै १८६२च्या खलित्यात भारतमंत्री वुडने कायमधाऱ्याचे तत्त्व संपूर्ण ब्रिटिश भारतासाठी मान्य केले होते. बंगालमध्ये १७९३ पासून सारा कायमचा ठरलेला होता, तसा तो इतर प्रांतांतही ठरवावा, म्हणजे जमीन धरणारा माणूस निर्धास्तपणे तिच्यात पैसा घालील, हा त्यामागचा विचार होता. १८६०-६१मध्ये वायव्य प्रांतात दुष्काळ पडला होता आणि त्याची पाहणी करणाऱ्या कर्नल बेअर्ड स्मिथनेही हीच शिफारस केली होती. इंग्रज जमीनदाराला हे पटणे साहजिक होते, कारण त्याच्या देशात सरकार दर तीस वर्षांनी येऊन जमिनीवरची मागणी वाढवत नसे.

आपल्याकडे, म्हणजे मुंबई इलाख्यात, विंगेट आणि गोल्डस्मिड यांची तीस वर्षांची रयतवारी (थेट शेतकऱ्याशी सारा ठरवण्याची) जमाबंदी होती आणि तिची सुरुवात इंदापूर तालुक्यात झाली होती. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेली देणगी त्याच काळातली आहे. नेमक्या या तेजीनंतर दख्खनमधील तीस वर्षांच्या मुदती संपत आल्या आणि नव्या जमाबंदीत सारा बराच वाढवला गेला. कापसाचे भाव तोवर कोसळले होते. कर्ज, सारा आणि सावकार या तिढ्यातून १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध उठाव झाला. साऱ्याची वाढ हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण ते मोठे कारण होते. वुडचा १८६२चा निर्णय दख्खनमध्ये रयतेच्या नावाने अमलात आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. १८८३मध्ये ते धोरण अधिकृतपणे सोडून दिले गेले. पुढे रमेशचंद्र दत्त यांनी सरकारशी घातलेल्या वादात याच हुकलेल्या संधीची आठवण पुन्हा पुन्हा दिली.

कापसाच्याच संदर्भात आणखी एक. नीळ किंवा कापूस पिकवण्याचा करार मोडणाऱ्या रयतेला फौजदारी शिक्षा असावी, असा मळेवाल्यांचा आग्रह होता. बंगालमध्ये १८६०मध्ये सहा महिन्यांसाठी तसा कायदा झालाही होता, परंतु तो कायम करण्यास वुडने नकार दिला. करार मोडला तर दिवाणी दावा लावावा, शेतकऱ्याला तुरुंगात का टाकावे, ही त्याची भूमिका होती. स्वतः गिरणगावचा खासदार असताना त्याने ती घेतली, म्हणून मला तिचे मोल वाटते.

पायवाट (धागालेखक)

कोरडवाहू, १८६२चा खलिता येथे आणल्याबद्दल आभार. त्यात एक पुरवणी जोडतो. १८६५मध्ये वुडनेच कायमधाऱ्याला अट घातली की लागवडीयोग्य जमिनीपैकी ८० टक्के जमीन आधीच वाहितीखाली असली पाहिजे. पडीक जमीन पुढे लागवडीला आली तर तिच्या वाढीव उत्पन्नात सरकारचा वाटा का सोडावा, हा त्यातला हिशेब आहे. ज्याने तत्त्व दिले त्यानेच ते अरुंद केले, आणि पुढच्या लोकांना ते बाजूला ठेवणे सोपे गेले. तीन वर्षांपूर्वीचा जमीनदार आणि आताचा खजिनदार अशी एकाच माणसातली ओढाताण मला येथे दिसते.

पाटीपेन्सिल यांच्या प्रतिसादामुळे माझ्या मताला मुरड पडली आहे. अनुदानाला मी सवयीचे चांगले रूप म्हटले होते. ते कोणासाठी चांगले, हेही विचारायला हवे होते.

त्याच्या भारतमंत्रिपदातील १८६१ हे वर्ष उल्लेखाविना राहू नये. कौन्सिल कायदा आणि उच्च न्यायालयांचा कायदा हे दोन्ही त्याच वर्षीचे आहेत, आणि मुंबईचे उच्च न्यायालय १८६२मध्ये सुरू झाले. कौन्सिल कायद्यान्वये व्हाइसरॉयच्या विधिमंडळात प्रथमच तीन भारतीय आले. पतियाळाचे महाराजा, काशीचे राजा आणि तिसरे मूळचे देवरुखचे, ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे. मुंबईच्या मंडळात जगन्नाथ शंकरशेट आले. यावरून वुडला लोकप्रतिनिधित्व हवे होते असे समजू नये. एक वर्चस्वी वंश दुसऱ्यावर राज्य करतो तेथे सौम्यातला सौम्य राज्यप्रकार म्हणजे एकतंत्री सत्ताच, असे त्याने संसदेत सांगितले होते. राजे आणि दिवाण त्याने निवडले, कारण त्याच्या मते गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार गावातील मोठ्या घरालाच होता, मग ते गाव यॉर्कशरमधले असो वा हिंदुस्थानातले.

जुनेपान यांनी उल्लेखिलेल्या ट्रेव्हेल्यनचीही पुढची हकिगत याच खात्यात घडली. १८५९मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला. दुसऱ्या वर्षी व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसदस्य जेम्स विल्सनने आयकर आणला, तेव्हा त्याला विरोध करणारे आपले टिपण ट्रेव्हेल्यनने परस्पर प्रसिद्ध केले, आणि आयर्लंडच्या दिवसांतल्या आपल्या या जुन्या सहकाऱ्याला वुडने परत बोलावून घेतले. दोन वर्षांनी त्यालाच अर्थसदस्य करून पुन्हा भारतात पाठवले.

वुडचे भारतमंत्रिपद शेवटी संपले ते शिकारीच्या मैदानावर. घोड्यावरून शिकारीला जाणे हा त्या वर्गाचा हिवाळ्यातला नित्यक्रम होता. तेथे झालेल्या अपघातात त्याला इतकी गंभीर दुखापत झाली की १८६६च्या फेब्रुवारीत त्याने राजीनामा दिला. त्याच महिन्यात मिळालेल्या पदवीत त्याने हॅलिफॅक्स हे आपल्या मतदारसंघाचे नाव घेतले आणि त्यासोबत बार्न्सलीजवळच्या मंक ब्रेटनचे. लोकरीचे गाव आणि वाडवडिलांचा मुलूख, दोन्ही त्या नावात राहिले.

उच्च न्यायालयांच्या कायद्याबद्दल कोणा वकील सदस्याने सविस्तर लिहिले तर हा धागा पुढे नेता येईल.